तीन पावसाळ्यांची भेग

देवानंद मोहोडनं पोकलेनच्या बकेटनं माती उचलली की ती कोणत्या थराची, हे त्याला न बघताही कळायचं. काळी माती बकेटला चिकटून बसायची, पिवळी चिकणमाती साबणासारखी घसरायची, आणि खाली गोट्यांचा थर लागला की लिव्हरमधून मनगटापर्यंत एक खरखर चढायची. एकवीस वर्षं तो डॉ. नीलाक्षी देशकरांसाठी चर खणत होता. कच्छात, नर्मदेच्या काठी, हिमालयाच्या पायथ्याशी, जिथं जिथं त्या जमिनीच्या पोटातले जुने भूकंप शोधायला गेल्या, तिथं तिथं देवानंद मशीन घेऊन गेला.

नीलाक्षी मूळची हिवरदऱ्याची, आणि देवानंदही. सातपुड्याच्या पायथ्याला, संत्र्याच्या बागांमध्ये वसलेलं हे अडीचशे घरांचं गाव. नीलाक्षीची आई शैलजाबाई इथल्याच आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावरही त्यांनी गाव सोडलं नाही. नीलाक्षी वयानं देवानंदपेक्षा चार वर्षांनी लहान, तरी तो तिला नीलाताईच म्हणायचा, आणि ती त्याला देवानंदभाऊ.

सहा वर्षांपूर्वी तापीपलीकडच्या एका गावात नीलाक्षीनं भूकंपाचा इशारा दिला होता. भर हिवाळ्यात लोक तीन आठवडे तंबूत राहिले. भूकंप आलाच नाही. थंडीनं एक म्हातारी मात्र गेली. चिडलेल्या लोकांनी नीलाक्षीच्या गाडीवर दगड टाकले, तेव्हा देवानंदनं तिला ताडपत्रीखाली झाकून, स्वतःच्या कपाळावर दगड घेत, गाडी गावाबाहेर काढली होती. त्याच्या भुवईवर ती खूण अजून होती.

दोन हजार बेचाळीसच्या फेब्रुवारीत नीलाक्षी हिवरदऱ्याला आली. उपग्रहाच्या नकाशात गावाच्या उत्तरेला एक सरळ, बुटकी पायरी दिसत होती. ती पायरी देवानंदचा थोरला भाऊ प्रल्हाद याच्या पडीक वावरातून जात होती.

"माह्या वावरात काय सापडन ताई? दगडंच हायेत तिथं," प्रल्हाद हसून म्हणाला.

"दगडच हवेत मला, प्रल्हाददादा," नीलाक्षी म्हणाली.

देवानंदनं त्या पायरीला आडवा छेद देत चाळीस मीटर लांब आणि पाच मीटर खोल चर खणला. बाजू ढासळू नयेत म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी. मग खुरप्यानं भिंती साफ करून, मीटर-मीटरवर खिळे ठोकून दोऱ्या ताणल्या.

भूकंपात जमीन एका रेषेवर तुटते. रेषेच्या एका अंगाचे थर वर जातात, दुसऱ्या अंगाचे खाली राहतात. पुढं पूर येतात, गाळ साचतो आणि तुटलेल्या थरांवर नवे, सलग थर चढतात. म्हणून चराच्या भिंतीत सगळ्यात वरचा तुटलेला थर आणि त्याच्या डोक्यावरचा पहिला न तुटलेला थर शोधायचा. भूकंप या दोघांच्या मधे कधीतरी झालेला. दोघांचं वय कळलं की भूकंपाचंही कळलं.

आणि वय सांगतात वाळूचे कण. वाळूतला गारगोटीचा कण अंधारात गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या किरणोत्सर्गाची ऊर्जा तो हळूहळू साठवत राहतो. एकदा ऊन लागलं की सगळी साठवण रिकामी, आणि पुन्हा गाडला गेला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. कणात किती साठलंय ते मोजलं की तो शेवटचा उन्हात कधी होता ते निघतं. पूर्वी भिंतीत लोखंडी नळ्या ठोकून, काळ्या कापडाखाली नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवावे लागत. उत्तराला वर्ष लागे, आणि तेही दोनशे वर्षं इकडे नाही तर तिकडे. या खेपेला नीलाक्षीनं जीपमधून नवं यंत्र आणलं होतं. शिलाई मशीनच्या खोक्याएवढं. सगळे त्याला कणघड्याळ म्हणत. ते एका नळीतले वीस हजार कण एकेक करून वाचायचं, ज्यांना गाडण्याआधी पुरेसं ऊन लागलं नव्हतं असे फसवे कण बाजूला काढायचं आणि सहा तासांत वय सांगायचं. चूक फार तर तीन वर्षांची.

चराच्या भिंतीत पाच भूकंप निघाले. आणि आणखी एक गोष्ट निघाली. ती दिसली त्या दिवशी नीलाक्षी शाळकरी मुलीसारखी ओरडली होती.

"देवानंदभाऊ, खाली या! हे बघा."

तुटलेल्या थराच्या बुडाशी एक बोटभर रुंद भेग होती, गाळानं भरलेली. नीलाक्षीनं चाकूच्या टोकानं दाखवलं. "खाली भरड वाळू, वर बारीक चिकण. हा एक पावसाळा. परत भरड, परत बारीक. दुसरा. हा तिसरा. आणि त्याच्यावर थेट कोसळलेला मलबा. म्हणजे मोठा धक्का बसायच्या आधीच जमीन थोडीशी उघडली होती. तीन पावसाळ्यांचा गाळ आत गेला, आणि मग ती तुटली."

"बाकीच्या चार जागी?"

"तुम्हीच मोजा."

देवानंदनं चाकू घेतला आणि दिवसभर भेगा खरवडल्या. तीन जागी तीन-तीन, एका जागी चार. संध्याकाळी त्यानं आकडे सांगितले तेव्हा नीलाक्षीनं वहीत लिहिलेले तेच आकडे त्याच्यासमोर धरले. त्याला इतका आनंद झाला की घरी जाऊन बायकोला, वंदनाला, त्यानं ताटातल्या भाकरीवर भाकरी रचून ते थर समजावले.

आठवड्यानं चराच्या उत्तर टोकाला, अगदी वरच्या मातीत, आणखी एक भेग दिसली. नीलाक्षी तिच्यापुढं बराच वेळ उकिडवी बसून होती. देवानंदनं विचारलं, "ही कोन्त्या भूकंपाची?"

"ही उन्हाळ्याची भेग. काळी माती वाळली की फाटते, तुम्हाला काय सांगायचं?" ती म्हणाली आणि त्या जागेवर तिनं ओलं पोतं टाकलं.

नीलाताई म्हणते म्हणजे तसंच. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी, अक्षय तृतीयेला, देवानंदच्या नव्या घराची वास्तुशांती झाली. दोन मजली, पक्क्या विटांचं घर. खाली मशीनचे सुटे भाग ठेवायला मोकळी जागा, वर राहायला. मुलगी प्रांजली पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. नीलाक्षी आली, पंगतीत बसून वरणबट्टी जेवली. जाताना तिनं प्रांजलीची ओटी भरली. वंदना नंतर म्हणाली, "नीलाताई आजारी हायेत का? माह्याकडे नजर वर करून पाहिलंच नाई त्याईनं."

मे महिन्यात नीलाक्षीनं त्याला एक काम सांगितलं. आईला नागपूरला न्यायचं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सामान आहे, टेम्पो घेऊन या.

सामान म्हणजे सगळं घरच होतं. कपाट, देव, शैलजाबाईंच्या नवऱ्याचा फोटो, शिवणयंत्र, तुळशीची कुंडीसुद्धा. देवानंदला नवल वाटलं, पण त्यानं सगळं भरलं. वाटेत चहाला थांबले तेव्हा शैलजाबाई टेम्पोतून टुणकन उतरल्या.

"सांभाळून मावशी. गुडघे."

"कशाचे गुडघे रे बाप्पा! अजून टेकडीवरच्या देवीला चढून जाते मी. ऑपरेशन-बिपरेशन काही नाही. नीला म्हणते, पावसाच्या आत हिवरदरा सोड, अन् दोन वर्षं तिकडे पाय ठेवू नको. काहून म्हटलं तर सांगत नाही. नुसती रडते." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुला माहीत असेल म्हटलं. तू तर तिच्याजवळच असतो."

"नाई मावशी," देवानंद म्हणाला.

नागपूरला सामान उतरवून तो तसाच परत फिरला. संध्याकाळी उजेड होता तोवर चरात उतरला आणि उत्तर टोकाचं पोतं बाजूला केलं. उन्हाळ्याची भेग वरून रुंद असते आणि खाली अरुंद होत जाते, कमरेएवढ्या खोलीवर संपते. ही खाली रुंद होत गेली होती. काळी माती संपली, पिवळी संपली, गोट्यांचा थर आला, तरी भेग चालूच. गोट्यांचा थर उन्हानं कधी फाटतो का? एकवीस वर्षांत त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं खिशातला चाकू काढून गाळ खरवडला. भरड, बारीक. भरड, बारीक.

दोन पावसाळे. तिसरा तीन आठवड्यांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाक्षी चरावर आली तेव्हा तो मशीनच्या साखळीपट्ट्यावर बसला होता. त्यानं सरळच विचारलं, "भूकंप किती किती वर्षांनी झाले ताई? कनघड्याळानं काय सांगतलं?"

तिनं वही उघडली. मग म्हणाली, "चारशे नऊ. चारशे चौदा. चारशे सहा. चारशे अकरा."

"अन् शेवटचा होऊन?"

"चारशे आठ."

देवानंदनं मान हलवली. "म्हंजे ते उन्हाळ्याची भेग नाई."

"मी सरकारच्या भूकंप समितीला मार्चमध्येच कळवलंय. दुसऱ्या गटाकडून तपासणी होईपर्यंत बाहेर एक शब्द बोलायचा नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलंय. तपासणीला वर्ष लागेल. आणि पाच भूकंपांवरून सहाव्याचं भाकीत... मला खात्री नाही, देवानंदभाऊ. तापीपलीकडचं विसरलात? ती म्हातारी माझ्यामुळं गेली. परत तसं झालं तर माझ्यावरच नाही, या शास्त्रावरच कोणी विश्वास ठेवणार नाही."

"खात्री नोयती तर मायले काहून नेलं?"

नीलाक्षीनं तोंड फिरवलं.

"ती माझी आई आहे."

"अन् प्रांजली? सातवा महिना हाये तिले. तुमी वास्तुशांतीले जेवल्या. तिची ओटी भरली. तव्हा मालूम होतं?"

"हो," ती अगदी हळू म्हणाली.

देवानंदला तापीपलीकडचा दगड लागला होता तेव्हा आधी नुसतं गरम वाटलं होतं, दुखणं मागून आलं होतं. आताही तसंच झालं. तो उठला. "बरं."

"चर उद्या बुजवायचाय. पावसाच्या आत बुजवा असं पत्र आलंय."

"दुसरा मानूस पाहा मॅडम," तो म्हणाला.

ती दचकून बघत राहिली. एकवीस वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा मॅडम म्हटलं होतं.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर देवानंदनं सगळ्या गावाला चरावर बोलावलं. शे-दीडशे माणसं आली. त्याला भाषण येत नव्हतं. त्यानं दहा-दहा जणांना शिडीनं खाली नेलं आणि प्रत्येकाकडून भेगा मोजून घेतल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका रजिया शेख यांनी तर साडी खोचून पाची जुन्या भेगा दोनदा मोजल्या आणि मग उत्तर टोकाची मोजली. वर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना गाळ लागला होता.

प्रल्हादला मात्र हे पटेना. "नीलाताई गावची लेक हाये. असं काही असतं तर तिनं आपल्याले सांगतलं नसतं? थांब, तिलेच विचारतो." त्यानं सगळ्यांसमोर फोन लावला आणि आवाज मोठा केला.

देवानंद भावाच्या शेजारीच उभा होता. त्याला वाटलं, आता बोलेल. इतक्या लोकांसमोर, प्रल्हाददादाशी ती खोटं बोलणार नाही.

"चर संपला की बुजवायचाच असतो दादा," फोनमधून नीलाक्षीचा आवाज आला. "त्या मातीच्या भेगा आहेत. अधिकृत सूचना येईल तेव्हाच विश्वास ठेवा. घाबरू नका."

"देवानंद म्हनते का..."

"देवानंदभाऊंचा काहीतरी गैरसमज झालाय," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

लोक हळूहळू पांगले. कोणी हसलं, कोणी देवानंदच्या खांद्यावर थोपटलं. प्रल्हाद म्हणाला, "पाह्यलं? उगाच गावाले भेव दाखवतं तू." दुसऱ्या दिवशी बाहेरून मशीन आलं, चर बुजला, आणि अफवा पसरवल्याबद्दल देवानंदला पोलीस ठाण्यात बोलावून समज देण्यात आली.

तरीही त्यानं नवं घर सोडलं. बागेत पत्र्याची शेड ठोकून तिथं बिऱ्हाड मांडलं. वंदनानं एकदाच विचारलं, "तुमाले पक्कं मालूम हाये?"

"पक्कं कोनालेच मालूम नाई. पन जिले सगळ्यात जास्त मालूम हाये, तिनं आपल्या मायले हालवलं."

वंदनानं भांडी बांधायला घेतली. रजिया शेखांनी वरून परवानगी आली नाही तरी शाळेचे वर्ग बाजाराच्या पत्र्याखाली भरवायला सुरुवात केली. त्यांचं बघून ऐंशी-नव्वद घरं बागांमध्ये गेली. बाकीची गावातच राहिली. प्रांजली जुलैत बाळंत झाली. मुलगी झाली. शेडमध्ये चिखल, डास, गळती. प्रल्हाद पुतणीला बघायला आला, बाळाच्या हातात चांदीचं कडं घातलं आणि म्हणाला, "एवढं मोठं घर बांधून लेकरू पत्र्याखाली!" तो रागावून नाही, कळवळून बोलला होता. देवानंदनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. प्रल्हाद म्हणाला, "अरे, मी तिच्याच तोंडून ऐकलं."

पोळा झाला. त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, बागेतल्या सगळ्या झाडांची संत्री एकदम खाली पडली. देवानंदला आधी तेच दिसलं. मग जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि तो पाय टेकवूच शकेना. अठरा सेकंद. गावाकडे बघितलं तर घरं नव्हती, धुळीची भिंत उभी होती.

बाजाराच्या पत्र्याखालची एकशे बावीस मुलं धडधाकट होती. देवानंदचं नवं घर खालच्या मोकळ्या मजल्यावर बसलं होतं. त्यानं तिकडं बघितलं नाही. पोकलेन सुरू करून तो प्रल्हादच्या घरी गेला. प्रल्हादला दोन दिवस ताप होता, तो जेवून आतल्या खोलीत पडला होता. देवानंदनं बकेटनं वरचा स्लॅब उचलला, मग मशीन बंद करून हातांनी विटा काढायला लागला. इतक्या हलक्या हातानं त्यानं कधीच खणलं नव्हतं. तासाभरानं भाऊ सापडला. अंगावरची गोधडीसुद्धा सरकली नव्हती.

गावातली एकोणीस माणसं गेली.

डिसेंबरात चौकशी लागली. आदल्या दिवशी दुपारी नीलाक्षी बागेत आली. ती वाळली होती. शेडच्या दारातच उभी राहिली. वंदनानं तिला आत ये म्हटलं नाही.

"उद्या विचारतील, तुम्हाला कोणी सांगितलं," ती देवानंदला म्हणाली. "मी तुम्हाला खासगीत सांगितलं होतं, एवढंच म्हणा. समितीचा हुकूम मोडून सांगितलं, असं. त्यानं कोणाचं वाईट होणार नाही." बोलता बोलता तिची शहरातली भाषा गळून पडली. "भाऊ, नोकरी जाईन त्याचं मले काही नाई. पन मी मायले तोंड कसं दाखवू? ती माह्याशी बोलत नाई."

देवानंदनं आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातात दिला. ती पाणी प्यायली. तांब्या परत घेऊन तो बागेत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यानं तोच प्रश्न विचारला. नीलाक्षी समोरच्या रांगेत बसली होती.

"मोजायचं यायनं शिकोलं साहेब," देवानंद तिच्याकडे हात करून म्हणाला. "सांगतलं कोनंच नाई. म्या मोजलं."

"तुमच्या भावानं डॉक्टरांना विचारलं होतं, असं इथं नोंदवलंय."

"हो."

"त्यांनी काय सांगितलं?"

देवानंदनं मागं वळून बघितलं. त्याच्यामागून रजिया शेख उठल्या. "मी तिथं होते," त्या म्हणाल्या आणि फोनवरचं संभाषण त्यांनी शब्दाशब्दाला सांगितलं. नीलाक्षी खाली मान घालून ऐकत होती. तिनं एकही शब्द नाकारला नाही.

जबाबावर सही करून देवानंद बाहेर आला तेव्हा त्याच्या टेम्पोपाशी शैलजाबाई उभ्या होत्या. हातात एक पिशवी. नागपूरहून एकट्याच बसनं आल्या होत्या.

"मला हिवरदऱ्याला घेऊन चल."

"मावशी, तिथं घर नाई राह्यलं तुमचं."

"ठाऊक आहे. शेजारची सुमन गेली, तिची सून गेली. त्यांचे टाके, त्यांची बाळंतपणं मी केली रे. मला उचलून नेलं अन् त्यांना मागं ठेवलं, अन् मला विचारलंसुद्धा नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दवाखान्याच्या तंबूत माणसं कमी पडतात म्हणे. मला अजून पट्टी बांधता येते."

पायऱ्यांवर नीलाक्षी येऊन उभी राहिली होती. "आई," तिनं हाक मारली.

शैलजाबाईंनी वळून बघितलं. क्षणभर देवानंदला वाटलं, लेकीकडे जातील. पण त्यांनी टेम्पोचं दार उघडलं, पिशवी पायाशी ठेवली आणि सीटवर बसून दार ओढून घेतलं. देवानंदनं गाडी सुरू केली.